मंगळवारचा नऊ चाळीसचा खेळ

मंगळवारी तिकीट नव्याण्णव रुपये.
रात्रपाळी संपवून मी कोपरखैरण्याहून वाशीला जाते,
बोटांना अजून स्पिरिटचा वास,
पिशवीत रिकामा डबा, तो दारावरचे मढवी
दर वेळी उघडून बघतात.
"मेथी?"
"कालची."
"जा आत."

माझं मत कुणी विचारत नाही. पण आहे.

तो मोठा सिनेमा, पामबीचवर महिनाभर ज्याचं होर्डिंग होतं,
त्यात नायक एकटा चाळीस जणांना लोळवतो.
लोळवू दे, मला काय.
पण रक्त?
रक्त इतकं लाल नसतं हो.
बाहेर आलं की काळपट पडतं, धरतं,
कडेनं पिवळं पाणी सुटतं.
ह्यांचं अख्खं दीड तास कोकम सरबत.
मध्यंतरानंतर मी झोपले.
एसी उत्तम. पाचपैकी साडेतीन, तेही एसीला.

भुताचा आला होता दिवाळीनंतर.
भूत बरोब्बर रात्री तीनला येतं.
रात्री तीनला कोण येतं ते मला विचारा:
छातीवर हात धरून आलेला रिक्षावाला,
त्याची बायको गाऊनवर ओढणी घेतलेली,
आणि चहा.

मग ती परदेशातली, बर्फातली प्रेमकथा.
नायिकेला असाध्य काहीतरी.
डॉक्टर रिपोर्ट उंच धरतो, कॅमेरा जवळ जातो,
आणि मी सवयीनं वाचते:
हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक दोन.
"अहो, पोरगी ठणठणीत आहे!"
मागून शू आलं.
तरी ती मेलीच, तेरा पूर्णांक दोन घेऊन.
पलीकडच्या खुर्चीतल्या बाई हुंदके द्यायला लागल्या
तेव्हा मीही रडले थोडी, त्यांना सोबत म्हणून.

मढवींना सगळ्या सिनेमांचे शेवट पाठ आहेत.
शेवटची दहा मिनिटं दार उघडायला आत येऊन उभे राहतात ना.
कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, विमानतळावर कोण धावलं
हे ते सांगतात, का धावलं ते माहीत नाही.
सुरुवात मी सांगते.
मधलं आम्हा दोघांनाही ठाऊक नसतं
आणि आजवर काही अडलं नाही.

पण गेल्या मंगळवारी तो छोटा सिनेमा.
आत आम्ही सात जण, त्यातले दोघे कोपऱ्यातल्या जागेसाठी आलेले.
गाणं नाही. एक माणूस
लॅबमधून पाकीट घेतो आणि उघडत नाही.
भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून घासाघीस करतो.
बसथांब्यावर बसतो,
वाऱ्यानं उडू नये म्हणून पाकीट मांडीखाली घेऊन.
तीन बसेस जातात.
बाकी काही होत नाही.

अकरा वर्षं मी खिडकीतून पाकिटं देते आहे.
नाव विचारायचं, सही घ्यायची, पुढचा.
दाराबाहेर ती कुठे जातात
हा विचार मला शिवलेला नव्हता.
मी झोपले नाही.
मढवींनी दार उघडलं, पडद्यावर उजेडाची पट्टी पडली,
मी ओरडले, "लोटा ते!"
त्यांनी लोटलं. अंधारात उभे राहिले.
नंतर जिन्यापर्यंत सोबत आले.
"पाकीट फोडलंच नाही की त्यानं.
ह्याला काय शेवट म्हणायचं?"
मला उत्तर सुचलं नाही.

शुक्रवारी तो उतरला. त्या जागी पुन्हा सरबत.
रात्री वृंदालीनं नळ्यांवर चिठ्ठ्या लावता लावता विचारलं,
"कसा होता गं?"
"बरा आहे," म्हटलं.
माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

आज सकाळी सात वाजता खिडकीशी एकजण.
गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा शर्ट.
नाव विचारलं. सही घेतली.
पुढचा नंबर पुकारायचा राहिला,
मी काचेतून बघत बसले
तो सेक्टरच्या नाक्याला वळेपर्यंत.
काखेत त्याच्या कापडी पिशवी होती,
घडी घातलेली, रिकामी.