काही येत नाही

मुलगा म्हणाला, आई, सुट्टी आहे तुझी,
दोन आठवडे चुलीला हात लावायचा नाही.
त्याने समुद्र दाखवला, एक किल्ला बाहेरून दाखवला,
मँचेस्टरच्या ट्रॅममधून तीनदा फिरवलं.
चौथ्या दिवशी त्याच्या फोनवर मीच बोट ठेवलं:
इथं.
स्टोक. ओटकेक शिका. अठरा पौंड.
त्याने कपाळावर हात मारून घेतला.

बर्स्लेमला चर्चमागचा हॉल.
खिडकीबाहेर विटांची भट्टी, बाटलीच्या आकाराची,
कधीची विझलेली.
आत आम्ही सहा जण, कागदी एप्रन बांधून.
शिकवणारी डोरीनबाई, ऐंशीच्या घरातली,
आडनाव लिहिते भलतंच लांब आणि वाचते कोकली.
ज्याला त्याला डक म्हणते.
मला वाटलं, बदक? माझ्या चालण्यावरून?
मुलगा कानात म्हणाला, अगं, माया आहे ती इकडची.

आधी कधी असं काही केलंय का, डक?
पोस्टातून रिटायर झालेले गृहस्थ म्हणाले, टोस्ट.
लीड्सचं नवं जोडपं हसलं.
मुलगा तोंड उघडणार,
तेवढ्यात मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.
म्हटलं, नो. नथिंग.

चिपळूणला स्टँडच्या मागे
माझे दोन बिडाचे तवे बावीस वर्षं तापतायत.
पहिली गाडी सुटायच्या आत शंभर आंबोळ्या.
पण मला कुणी शिकवलं नाही.
सासूने तवा दिला, सोबत टोमणा दिला,
बाकीचं चटक्यांनी शिकवलं.
खुर्ची पुढे करून, चष्मा पुसून,
बघ हं, सावकाश,
असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.
अठरा पौंड त्याचे होते.

म्हणून मी ऐकत बसले.
ओटाचं पीठ, थोडं गव्हाचं, कोमट पाणी, यीस्ट.
आंबलं हे कसं ओळखायचं ते ती सांगत होती
आणि मी वहीत उतरवून घेत होते,
जसं काही पहाटे झाकण उचलून
मी कधी वास घेतलाच नव्हता.

तिचा हात थरथरायचा.
डाव तव्यापर्यंत पोचेतो निम्मं पीठ ओट्यावर.
हात रिटायर झाले, ती म्हणाली,
तोंड अजून ड्यूटीवर आहे.

माझी पाळी आली.
वाकडं ओतायचं, हे ठरवूनच उठले होते.
पण तव्याची धग तोंडाला लागली
आणि बोटं आपली आपण पाण्यात बुडाली.
शिंतोडा. चर्र.
अजून नाही.
अजून नाही.
आता.
मनगट फिरलं ते मला न विचारता.
गोल, कडेपर्यंत, सारखी पातळ.
जाळी सुटली.

मागे मुलगा खोकला.
डोरीनबाई तव्याकडे बघत नव्हती,
माझ्या मनगटावरचे डाग बघत होती.
मग तिने स्वेटरची बाही वर सरकवली.
तसेच. जुने, तांबूस, एकाखाली एक तीन.
ती काही बोलली नाही.
मीही.

फक्त त्या भोकांवर बोट नेऊन विचारलं,
याला काय म्हणता तुमच्यात?
जाळी.
जॉली! ती केवढ्यांदा म्हणाली,
आणि सगळ्यांना बजावलं,
अशी जॉली पडल्याशिवाय उलटायची नाही.
पोस्टवाल्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं.

तिथली रीत अशी, की पहिली करणाराने खायची.
माझ्याकडे पहिली तवा खातो,
शेवटची मी, उरली तर, उभ्यानेच.
डोरीनबाईने खुर्ची ओढली.
चीज पसरून, दुमडून, ताटली हातात दिली
आणि समोर बसून राहिली,
मी संपवेपर्यंत.

पीठ जरा कमी आंबलं होतं.
सांगितलं नाही.
पहिल्याच दिवशी शिकाऊ माणसाने
असं बोलू नये.