नमुना पाच, जानेवारी

नायट्रोजनची टाकी आमची नाही.
दिंडोरी रोडच्या गुरांच्या दवाखान्यातून
लहानू गावित ती स्कूटरवर पायांत धरून आणतात,
वीर्यकांड्या दुसरीकडे हलवून रिकामी केलेली,
तळाशी वीतभर गारठा.
"सकाळी आठला परत. तीन गायी माजावर आहेत."

मग मी नमुना खाली सोडते.
निकेल-झिंक फेराइट, चिमूटभर काजळी.
केसाच्या रुंदीत आठ हजार कण
ओळीने उभे राहतील.
जवळपास चुंबक नाही.
ऐंशी केल्विनला
जो जिकडे तोंड करून होता तिकडेच थिजला.

आता थोडंसं क्षेत्र. पन्नास ओर्स्टेड,
ओसरीवरून हाक मारावी एवढंच.
कुणी वळत नाही.

मिनिटाला एक अंश. वही, पेन, मफलर.
नव्वद. शंभर. एकशे बाराला
आकडा जागचा हलतो.
अण्णा चहा ओततात. "तापवल्यावर चुंबक मरतं म्हणता,
मग हा वाढतोय कसा?"
थिजलेल्याला वळायलाही ऊब लागते, मी म्हणते,
पुढची ऊब मग सगळं विस्कटते.
"आमचा पेठचा बैल!
पहाटे शेकोटीशी नेला तरच उठायचा,
आणि दुपारी कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही."

एक वाजून वीस मिनिटं. वीज जाते.
यूपीएस दोनदा कण्हतो आणि मान टाकतो.
परत येईस्तोवर
एकशे अठ्ठावन्न ते एकशे त्रेसष्ट,
सहा वाचनं गेली.
अलीकडे चढ होता, पलीकडे उतार आहे.
शिखर तिथंच कुठंतरी, अंधारात, येऊन गेलं.

निकुंभ सर फोनवर जांभई देत म्हणतात,
वक्र जोडून टाका, दिसतंच आहे की.
दिसतंच आहे.
पेन्सिल टेकवते, उचलते.

खिडकीबाहेर कडाका. निफाडला पारा पाचावर,
द्राक्षांच्या बागांत लोक ओला पाला जाळत बसलेत.
माझ्या कणांच्या हिशेबात ते
दोनशे अठ्ठ्याहत्तर, भर वैशाख.
तिथं कुणालाच कुठली दिशा उरत नाही.

साडेसात. टाकीत दोन बोटं शिल्लक.
झाकण घट्ट लावू नका, मी सांगते.
"लावायचं नसतंच, फुटते," अण्णा म्हणतात
आणि किक मारतात.
गंगापूर रोडवर वळेपर्यंत
पायांतून पांढरी शेपटी हलत राहते.

वहीत सहा ओळी कोऱ्या.
शेजारी लिहिते: वीज नव्हती.
गुरुवारी टाकी मिळाली तर पुन्हा, ऐंशीपासून.