वजन

टूसॉनच्या बाविसाव्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाला खेटून
आमचं प्लाझ्मा केंद्र सकाळी सहाला उघडतं.
तासाला एकोणीस डॉलर, वर पंचवीस सेंट.
मी बोटाला टोचते, थेंब नळीत ओढते, आकडा लिहिते.
चार वर्षं शिकले हा थेंब कशाकशाचा असतो,
तांबड्या पेशी एकशे वीस दिवस कशा जगतात
आणि म्हातारपणी प्लीहेच्या अरुंद वाटेत कशा अडकतात.
इथे ते कुणी विचारत नाही.
इथे विचारतात, आज किती मिळतील?

माझ्यावर एकतीस हजार चारशे.
माझी पाळी संपते, त्यांची संपत नाही.
महिन्याला एकशे चव्वेचाळीस नुसतं व्याज;
हप्ता भरला की मुद्दल जरासं अंग चोरतं, एवढंच.
वर्गातला डेरिक श्रोडर छपरांवर सौरपट्ट्या बसवतो
आणि माझ्या दीडपट कमावतो.
नोएमी दोनदा मेडिकलच्या परीक्षेला बसली,
आता कुत्र्यांच्या दवाखान्यात पिंजरे धुते.
पुढे शिकलं तर ही पदवी पायरी,
नाही शिकलं तर उंबरठा.
उंबरठ्यावर बसू नये म्हणतात.
आम्ही बसलोय.

मंगळवारी रांगेत एलिसेओ.
माझा भाऊ, गेल्या महिन्यात अठरा पूर्ण,
हातात ओळखपत्र, नजर माझ्या खांद्यापलीकडे.
त्याच विद्यापीठाचं, त्याच विषयाचं पत्र आलंय त्याला,
शुक्रवारपर्यंत अनामत भरायची.
आईला सांगायचं नव्हतं. मला तर नाहीच.
माझी आज सुट्टी असते, असं वाटलं असणार.
"चढ," मी म्हटलं.
एकशे दहा पूर्णांक चार. नियम एकशे दहा पौंडांचा.
पण त्याची पँट कमरेवरून ओघळत होती.
"खिसे रिकामे कर."

चार गुंडाळ्या निघाल्या क्वार्टर नाण्यांच्या,
आईच्या धुण्याच्या डब्यातल्या,
कागदात आवळलेल्या, दहा-दहा डॉलरच्या.
एका पिशवीचे आम्ही देतो तेही एवढेच.
काटा उतरला. एकशे आठ पूर्णांक चार.
मी लिहिलं : अपात्र.
अक्षर नेहमीपेक्षा नीट आलं.

रात्री स्वयंपाकघरात कागद घेतला,
डावीकडे पगार, उजवीकडे कर्ज, मध्ये रेघ.
भाडं. गाडी. आईच्या गुडघ्याचं इंजेक्शन.
तो गप्प बघत होता. मी म्हटलं,
"जोरात धावलास की स्नायू उसनं घेतात.
त्यालाही ऋणच म्हणायचो आम्ही, ऑक्सिजनचं.
थांबलास की धापा टाकत शरीर ते फेडून टाकतं,
घेतलं त्याहून थोडं जास्तच, पण तिथल्या तिथे.
हे तसं नाही.
यात थांबलास तरी धाप चालूच."

चांगलं बोलले, असं वाटलं मला. पटलंही असेल.

तो म्हणाला, "जास्त का?"
"काय जास्त का?"
"घेतलं त्याहून जास्त का फेडतं?"

मग अंग तापलेलं असतं ते सांगितलं,
थांबल्यावरही हृदय कसं पळत राहतं ते,
त्यावरून रक्त, रक्तावरून मूत्रपिंड,
दिवसाला एकशे ऐंशी लिटर गाळतं ते
आणि दीड-दोन लिटर सोडून सगळं परत करतं, बिनव्याजी.
"कसं?" म्हणाला. दुसरा कागद जवळ नव्हता,
त्याच कागदावर काढून दाखवलं.
साडेअकरा वाजले. सहाची पाळी होती.

सकाळी डबा भरताना तो कागद दिसला.
पगाराचा रकाना नळ्यांच्या जाळ्यात बुडालेला,
बेरीज तर मी केलीच नव्हती.
एकशे चव्वेचाळीस मात्र वाचता येत होतं,
हेन्लेच्या वळशात, अगदी तळाशी.
वर वजन म्हणून नाण्यांच्या गुंडाळ्या ठेवलेल्या.

मोजल्या.
तीन.