ऑगस्टमधला गाळा

तुर्भ्याच्या फळबाजारात ऑगस्टला हापूस नसतो.
कोपऱ्यात पेंढा असतो, आणि मे महिन्याचा वास,
कितीही धुतल्या तरी लाद्या तो सोडत नाहीत.
अशा रिकाम्या गाळ्यात आम्ही आठ जण
उलट्या पेट्यांवर बसून
विलायतेतले फुटबॉलवाले वाटून घेत होतो.
संघ कागदाचे, पाय खरे.
ते तिकडे धावणार, गुण इकडे पडणार,
मोसम संपेल तो ऐन हापूसात,
आणि जो तळाला, त्याने सगळ्यांना
दिवाळे गावात मासे खाऊ घालायचे.

चिठ्ठ्या नकोत, इम्तियाज म्हणाला,
बाजारात बसलोय तर बाजारासारखं.
रुमाल टाकला, खाली बोटं धरली.
मला आठवा नंबर. सगळे हसले.
हसू देत. वाढपी पंगतीच्या टोकाला पोचतो
आणि तिथूनच उलटा वळतो,
शेवटच्या पानावर दोनदा पडतं, लागोपाठ.

सेल्वनने पहिल्या झटक्यात उचलला तो नऊ नंबर,
शाळेतल्या पोरांच्या पाठीवर ज्याचं नाव असतं.
हरेश्वरने आपल्या लाडक्या क्लबचेच पाच घेतले.
एकाच बागेतला माल, मी मनात म्हटलं,
तुडतुडा पडला की सगळाच मोहोर काळा.

बाबांनी मला गोल शिकवला नाही, पेटी शिकवली.
वरचा थर दाखवण्यासाठी असतो,
हात घालायचा तो तळाला.
देठाशी हुंगायचं.
रंगाला भाव देणारा जूनमध्ये उधारी मागत फिरतो.
आणि साका:
बाहेरून सोनं, कापलं की आत पांढरा भुसभुशीत.
मांडी दोनदा फाटलेला तो देखणा विंगर
मी हातात घेतला, वजन पाहिलं, परत ठेवला.

मधली फळी आधी भरली. गोलकीपर शेवटी,
कारण पहिला आणि सातवा
यांच्यात आण्याचा फरक.
अठरा वर्षांचा एक पोरगा बाकावर टाकला,
आढीत घालतात तसा,
आणि स्वतःला बजावलं,
आढी रोज उघडून बघायची नसते.

नवव्या फेरीला अडले.
एक जण फ्री किक अशी वळवतो की आई आठवावी.
दुसरा डावा बचावपटू,
यादीत त्याचा फोटोसुद्धा नव्हता.

दाराशी लहू शेलार चहा पीत होता,
जावळीचा माथाडी,
मानेवर एकतीस मोसमांचा घट्टा.
त्याने फक्त विचारलं, "रोज येतो का?"
पाहिलं. अडतीस सामने, अडतीस हजेऱ्या.
"मग थांबलीस कशाला?"

जानेवारीत पहिल्या पेट्या उतरल्या तेव्हा मी तिसरी होते.
सेल्वनचा नऊ नंबर कुबड्यांवर,
हरेश्वर क्लबचं नावही काढत नव्हता.
डावा बचावपटू देत होता दोन गुण,
कधी सहा, कधी नुसते दोन,
ट्रकमागून ट्रक खाली करावेत तसे.
शनिवारी रात्री लहू दारातून ओरडायचा,
"आला का आपला?"
आला, मी म्हणायचे.

मग एका शनिवारी आला नाही.
बातमी शोधली: बायको बाळंत झाली, मुलगी,
तीन सामने सुट्टी.
बाकावर माझा पोरगा पिकून तयार होता,
बदली करायला फक्त बोट लावायचं.

लहूने पेटी खाली ठेवली.
"पगारी सुट्टी असेल का गं त्याला?"
असेल, म्हटलं.
तो थोडा वेळ पेंढ्याकडे बघत राहिला.
"मला दोन झाल्या. दोन्ही वेळेला
मी इथेच गाडी खाली करत होतो."
मग पेटी उचलत, माझ्याकडे न बघता,
"राहू दे त्याला. काढू नकोस."

कुठलाही शहाणा व्यापारी हसेल.
तीन आठवडे, तीन शून्यं.
आता मी सहावी आहे,
आणि दिवाळ्याला पापलेटचा भाव
विचारून ठेवलाय.