पाच वॉट

दाऊदभाई सोलकरांनी दुकान बंद केलं तेव्हा
भंगारवाल्याच्या आधी मी पोचलो.
मर्फीच्या पोटातला गँग कंडेन्सर
त्यांनी रुमालात बांधून दिला. म्हणाले,
पात्यांना बोट लावू नकोस. धूळ बसली तर फुंकर घाल.

डबा काजूगरांचा, पत्र्याचा.
कंडेन्सर पत्र्याला टेकला तर सगळंच मुसळ केरात,
म्हणून खाली आइस्क्रीमच्या झाकणाचं प्लास्टिक.
तांब्याची तार, सव्वीस वेढे,
दर चौथ्या वेढ्याला पीळ देऊन काढलेला एक कान.
मोजताना कुठेतरी चुकलो. कुठे, ते अजून कळलेलं नाही.
पितळी खिट्ट्या खाऱ्या वाऱ्याने हिरव्या पडलेल्या,
त्या आमसुलाने घासल्या, आईच्या समईबरोबरच.

आणि एक लाल दिवा, मुगाएवढा.
घरात दिवा लागला की काम झालं म्हणायचं.
इथे उलटं.
तारेचं आणि रेडिओचं पटत नसलं
की निघालेली ताकद अर्ध्या वाटेवरून परत येते
आणि त्या दिव्यात जळत बसते.
पटलं, की अंधार.

मिठमुंबरीच्या सुरूंत संध्याकाळी
बुधाजी कोयंड्याने गळाची दोरी दिली, वर शिसं बांधून.
तिसऱ्या फेकीत फांदी सापडली.
दहा मीटर तार वर, दुसरी ओल्या पुळणीत,
ओहोटीच्या मागे मागे.
"वर खंय रे मासो गावतलो?"

बटण फिरवलं. दिवा तांबडा.
कान बदलला. अजून तांबडा.
नवव्या कानावरून आठव्यावर आलो,
मग पाती केसभर,
आणि दिवा असा विझला
की बुधाजीला वाटलं बॅटरी गेली.

हाक मारली. खरखर.
परत मारली. लाटांची खरखर कुठली
आणि आभाळाची कुठली, सांगता येईना.
चौथ्या वेळी, दूर खाली,
कुणीतरी नखाने पत्रा वाजवावा तसं
माझंच नाव.

"कोण तो?"
पोरबंदरचा.
"थंय माझो भाचो असता, ट्रॉलरार. काय म्हणता?"

कागदावरची टिंबं आणि रेघा मी परत वाचल्या.
म्हणतो, बारीक येतोस.
पण येतोस.

बुधाजी थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, काळोख पडता,
माझां शिसां दी.