घुमट, कुडचडे

घुमट म्हटलं की आमच्याकडे आधी मातीचा,
एका तोंडाला कातडं ताणलेला,
आरतीला मांडीवर घेऊन बसायचा तो.
हा दुसरा. सिमेंटचा आणि पत्र्याचा,
बाजाराच्या मागे. नदीवरून पाहिला
तर उपडी घातलेली कढई.
खाणी चालू होत्या तेव्हा लाल असायचा.
खाणी थांबल्या, आणि दोन पावसाळ्यांनी
कळलं, मूळचा पांढरा आहे.

मी इथे पट्ट्या चिकटवतो.
बॅडमिंटनची हिरवी, व्हॉलीबॉलची पिवळी,
कबड्डीची निळी,
बास्केटबॉलची काळी, ती कायमची, रंगवलेली.
एकाच लाकडी जमिनीवर सगळ्या, एकमेकींना कापत.
खेळणाऱ्याला फक्त आपली दिसते.
मला सगळ्या दिसतात,
म्हणून मी खेळत नाही.

खेळ नसले की फर्निचरचा सेल.
एकदा तियात्र झालं. घुमटाने प्रत्येक वाक्य
दोन सेकंदांनी परत केलं,
सासूचा टोमणा सुनेच्या उत्तरावर येऊन आपटायचा.
लोक दोनदा हसले, एकाच तिकिटात.
पंचायतीच्या मतमोजणीनंतर पहाटे चारला
मी पावणेदोन किलो रबरबँड झाडून काढले.
वजन केलं, म्हणून ठाऊक.

वर दिवे बहात्तर. ते रुझारचे.
कमरेला दोर बांधून
लोखंडी कैच्यांमधून जायचा, शीळ घालत.
"खालचं तू बघ, वरचं मी,"
भावाभावांत वाटणी झाल्यासारखं म्हणायचा.

मग ते वर्ष आलं. पट्ट्यांवर खाटा आल्या.
मापं माझीच. दोन खाटांत सहा फूट,
पांढरी पट्टी,
जी कुठल्याच खेळाची नव्हती.
रुझार एकसष्ट नंबरला,
हिरव्या रेषेच्या आत,
काळ्या कमानीच्या जरासा बाहेर.
दोन दिवस मास्कमधून वर बघत राहिला.
तिसऱ्या दिवशी बोट हलवून मला बोलावलं.
मला वाटलं, घरचं काही,
फिलोमिनाला निरोप.
म्हणाला, "पाचव्या रांगेतला तिसरा.
चोक जातोय. वहीत लिही."

लिहिलं. तारीख घालून.

आज तेरा वर्षांखालच्या मुलींचे सामने.
सांग्याची अन्विता वेळीप,
बूट बहिणीचे, पुढे कापूस कोंबलेला,
सर्व्हिसला उभी राहते नेमकी तिथे.
शटल वर जातं. दिवा मिचकतो.
ती चुकते. पुन्हा चुकते.
पंचांपाशी जाऊन, कमरेवर हात ठेवून सांगते,
"तो वरचा मला डोळा मारतो."
सगळे हसतात. दोन सेकंदांनी घुमट हसतो.
पंच माझ्याकडे बघतात,
मी वर.

दोन कंत्राटदार येऊन गेले त्यानंतर.
यादीत बहात्तर, बिलात बहात्तर.
पाचव्या रांगेपर्यंत कोण चढलं असेल,
देव जाणे.

तिला शेजारचं कोर्ट दिलं.
हरलीच, पण भांडून हरली.

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर
त्याचं कपाट उघडलं.
दोर होता तसाच,
कमरेचा फास त्याच्या मापाचा,
माझ्या पोटाला न पुरणारा.
गाठ ओल्या हवेने घट्ट बसलेली.
खुर्ची ओढून बसलो
आणि नखांनी
सोडवू लागलो.