नळी सापडत नाही

नळी दोन मिलिमीटरची.
आठ महिन्यांत विरघळून जायचं,
एवढंच तिचं काम.

परळला, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही ती विणतो म्हणायचं.
खरं तर सुईतून द्राव सुटतो, वीज त्याला ओढते
आणि फिरत्या सळईवर धुकं बसत जातं.
जूननंतर बसत नाही. हवा इतकी ओली
की धागा धाग्याला चिकटून नुसती साय होते.
तीन पावसाळे मी असे घालवले:
हवा सुकवायला दोन यंत्रं,
यंत्रांच्या बादल्या ओतायला मी.

मोठ्या धमन्यांना कापडी नळ्या कधीच्या मिळाल्या.
बारक्या राहिल्या. बारकीत रक्त थबकतं,
परकं ओळखतं, गोठतं.
स्टोव्हचं तसंच की मॅडम, सोनू घाडी म्हणाला,
भोक बारीक म्हणून तर पिन लागते.

सोनू तळमजल्यावर सशांचं बघतो. एकवीस वर्षं.
त्याच्या डाव्या पायाचा अंगठा
गेल्या श्रावणात काढला.
साखर. पोटरीखाली रक्त पोचेना.
ही नळी माणसाला कधी, असं त्यानं विचारलं नाही.
मीही तो विषय काढला नाही.

पहिला ससा चौथ्या दिवशी. तिसरा रात्रीतून.
पाचवा टाका सुटून. माझा टाका.
मानेतली धमनी चिमट्यांमध्ये, भिंगाखाली
केसाहून बारीक निळा दोरा,
एकेका तोंडाला आठ टाके,
श्वास सोडायचा तो दोन टाक्यांच्या मध्ये.
पिंजरा रिकामा झाला की सोनू तो धुवून
गच्चीवर पालथा घालायचा.
सात झाले पालथे.

अकरा नंबरची मादी जगली.
दर सोमवारी मानेवरचे केस कातरायचे,
थंड जेल लावलं की ती कान पाडायची,
आणि डॉपलरच्या डब्यातून
हुश्श, हुश्श,
पिन मारलेल्या स्टोव्हसारखं, सोनूला नको पटवून द्यायला.
तो लालबागहून मुळ्याचा पाला आणायचा.
नियमात नाही.
वजनाच्या वहीतले ते वाढीव ग्रॅम
मी कधी शोधले नाहीत.

आठ महिने.
जे मेले ते नळी तुंबून मेले, ते समजतं.
हिला मारायचं, कारण हिचं रक्त वाहतंय.
समितीच्या कागदावर तारीख आधीपासून होती,
मंगळवार, माझ्याच अक्षरात.
इंग्रजी रकान्यातला तो शब्द
मराठीत आणला की बळी होतो.
सोनूच्या वहीत: सुटली.

टॉवेलात गुंडाळून त्यानं तिला आणलं, लंगडत,
आणि मी सुई भरेपर्यंत
ओठांत गाऱ्हाणं घालत राहिला.
त्याच्या गावी कोंबड्याआधी घालतात.
मला शेवटचंच ऐकू आलं:
हिचा काय चुकला नाय, म्हाराजा.
होय म्हणायला खोलीत मीच होते.
म्हटलं नाही.

मग मान उघडली. सलाइन सोडून पाहिलं,
पुन्हा पाहिलं. नळी नव्हती.
गुलाबी, ओली, दाबली की उसळणारी धमनी,
तिची तिनंच उगवलेली,
आणि दोन जागी निळे टाके.
ते विरघळत नाहीत.
मधले दोन सेंटिमीटर आमचे होते
हे आता फक्त त्यांना माहीत.
सोनूला बोलावलं. एक डोळा मिटून
त्यानं भिंगातून बराच वेळ पाहिलं.
काय दिसतंय?
काय नाय, म्हणाला.
मी तेच लिहिलं, काही दिसत नाही,
आणि खाली दोनदा रेघ मारली.

सरांचा फोन आला. आवाज चढलेला:
आता मेंढ्या.

खाली गेले तेव्हा पिंजरा धुणं चालू होतं,
नळ पूर्ण सोडलेला.
मेंढी खाते काय मॅडम, त्यानं मान न वळवता विचारलं.
आमच्या कोकणात नसत्यात.